पिवळाधमक गूळ आणि रबरी हातमोजे

भोर-वेल्ह्याला लोक गड चढायला जातात. मी गेले होते एका पांढऱ्या पुडीच्या मागावर, आणि जाताजाता लेकीच्या लाडवांसाठी गूळ आणायला. दोन्ही कामं झाली. पण अशी झाली की परत येऊन बरेच दिवस लोटले तरी कुणी "चहा साखरेचा की गुळाचा" विचारलं की मी नुसती बघत बसते.

आधी पुडीचं सांगते. पुण्यात रविवार पेठेत आमचं रंगाचं दुकान आहे. भिंतीचे रंग नव्हेत, कापडाचे. बाटिकच्या नक्षीत रंग अडवायचं मेण, नीळ, कॉस्टिक, धुण्याचा सोडा, ब्रश आणि हायड्रोस. दुकान सासऱ्यांनी काढलं, यजमानांचा जीव त्यात कधी रमला नाही, म्हणून गल्ल्यावर मी बसते. हायड्रोस ही पिठीसाखरेसारखी दिसणारी पूड. तिचं काम एकच, रंग काढून घेणं. निळीच्या पिंपात ती घातली की पाण्याचा निळेपणा जातो, पाणी पिवळसर हिरवं होतं, आणि अशी रंग गेलेली नीळच धाग्यात शिरते. मग कापड बाहेर काढलं की हवा लागून डोळ्यांदेखत निळं होत जातं. म्हणजे पूड रंग घालवते आणि हवा तो परत आणते. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पूड तशी खोडसाळ. ओल लागली तर पेट घेते, वास जळक्या आगकाडीचा, आणि कातडीला लागली तर आग आग होते. म्हणून प्रत्येक डब्याबरोबर मी सूचनांचा छापील कागद देते. हातमोजे घाला, नाकाला फडकं बांधा, डबा कोरडा ठेवा, मुलांना जवळ येऊ देऊ नका. घरचे त्याला 'आईचं फर्मान' म्हणतात. म्हणोत बापडे. आजवर माझ्या गिऱ्हाइकांत कुणाचा हात भाजलेला नाही, याचा मला भारी अभिमान होता.

राजगडाच्या पायथ्याला गुंजवणे आहे, तिथली रंजना माझी जुनी विद्यार्थिनी. दुकानाच्या माडीवर मी बाटिकचा वर्ग घ्यायचे तेव्हा बाकीच्या बायका एकमेकींना नक्षी दाखवत हसत-खिदळत असायच्या आणि ही फर्मान वाचत बसलेली असायची. आता ती गावातल्या चार बायकांना घेऊन बाटिकच्या ओढण्या आणि चादरी करते. माल मोबाईलवर मागवते. मेण जरासं, नीळ जराशी, आणि हायड्रोस एखाद्या गिरणीला लागावं इतकं. मला कळेना हे जातं कुठं. एक मन म्हणे, ओल लागून वाया घालवत असतील. दुसरं मन म्हणे, बाई, तुझ्या हाताखालून एवढी मोठी बाटिकवाली तयार झाली आणि तुला पत्ता नाही. मला अर्थातच दुसरं मन जास्त आवडलं.

आणि गूळ. दर दिवाळीला रंजना तिच्या माहेरचा गूळ पाठवायची. भोंगवलीला तिच्या भावाचं गुऱ्हाळ आहे. हळदीसारखी पिवळीधमक भेली. मध्यंतरी एका वर्षीची भेली डब्यात राहून जरा काळवंडली, तर मी फोनवर तिला सांगितलंसुद्धा, यंदाचा काळपट आला गं. माझा स्वभावच तसा आहे, दिसलं की बोलायचं. पुढच्या वर्षीपासून भेली अशी पिवळी येऊ लागली की बघत राहावं. यंदा माझी लेक मृणाल बाळंत व्हायची होती. तिच्या सासूबाई म्हणाल्या, डिंकाच्या लाडवांना आम्ही मॉलमधला सेंद्रिय गूळ आणतो. मी म्हटलं, अजिबात नाही, माझ्याकडे खात्रीचा गूळ आहे. विहिणीसमोर एकदा शब्द गेला म्हणजे गेला. थंडी पडून गुऱ्हाळं लागल्याचं कळलं तशी मी पिशवी भरली आणि निघाले.

कापूरहोळ

आमच्या दुकानातून या भागाला जाणारा माल टेम्पोवाला कापूरहोळच्या एका गॅरेजात टाकतो आणि तिथून ज्याचा तो उचलतो. म्हणून मीही एसटीने तिथेच उतरले. रंजनाचा नवरा प्रकाश त्याचा टेम्पो घेऊन न्यायला येणार होता.

उतरल्यावर पिशवी उघडली आणि कपाळावर हात मारून घेतला. रंजनासाठी घेतलेली निळीची पुडी फुटली होती आणि पोळीच्या डब्याचं झाकण सैल होतं. पोळ्यांना निळे डाग, बटाट्याच्या भाजीवर निळा मुलामा. गॅरेजवाले काका टायर बाजूला ठेवून बघायला आले. वरची पोळी खराब झाली असेल, खालच्या खा, असा त्यांचा सल्ला. मी चांगलं झापलं त्यांना. कापडाचा रंग लागलेला कणसुद्धा पोटात जाऊ द्यायचा नाही, हा माझा नियम आहे. सगळ्या पोळ्या मी गॅरेजमागच्या कुत्र्याला टाकल्या. त्याने हुंगल्या आणि तो उठून सावलीला गेला. काका म्हणाले, कुत्रंबी तुमच्याच शाळंत शिकलंय जनू.

मग ढाब्यावर मिसळ खाल्ली. रश्श्याचा रंग पाहून मी वेटरला विचारलं, यात रंग घातलाय का. तो म्हणाला, मिरचीचाच हाय. विश्वास ठेवला.

काकांशी बोलता बोलता माझ्या खोक्यांचा विषय निघाला. ते म्हणाले, तुमची लहान खोकी वेल्ह्याकडं जातात, मोठी भोंगवलीकडं. मी म्हटलं, भोंगवलीकडे कशी? मोठ्या खोक्यात तर हायड्रोस असतं. त्यांनी खांदे उडवले. माझ्या डोक्यात मात्र लगेच चित्र उभं राहिलं. भोंगवलीत रंजनाने दुसरी शाखा काढली असणार, लांबलचक शेड, ओळीने पिंपं, वाळत घातलेल्या निळ्या चादरी. मला न सांगता! थोडा राग आला, पण त्यातही गुदगुल्या होत होत्या.

गुंजवणे

धरणाच्या पाण्याकडेने टेम्पो चालला होता. भात काढून झालेली खाचरं उघडी पडली होती, कुठे कुठे हरभरा हिरवा दिसत होता, आणि वर राजगड. प्रकाशने पाण्याकडे बोट दाखवून सांगितलं की त्याच्या आजोबांचं खाचर तिथे आहे. आहे म्हणाला, होतं नाही म्हणाला.

रंजना अंगणात उभी होती. जय भीम घातला, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि माझे निळे हात पाहून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. तिची रंगाची खोली घरापासून लांब, परसाच्या टोकाला. दाराला उंचावर, मुलांचा हात पोचणार नाही अशी कडी. आतल्या प्रत्येक पातेल्याला, पळीला, तांब्याला लाल रंगाचा पट्टा मारलेला, म्हणजे चुकूनही कुणी ते स्वयंपाकघरात नेऊ नये. भिंतीवर माझं फर्मान, जुन्या फोटोच्या चौकटीत काच लावून. मला भरून आलं. माझ्या स्वतःच्या घरी ते कुणी वाचत नाही.

मेणाचं कोडं तिथेच सुटलं. चुलीवरच्या पातेल्यात पिवळ्या मेणाबरोबर पांढरं मेण वितळत होतं. गावातल्या विहारात वंदनेला ज्या मेणबत्त्या लावतात त्यांची उरलेली थुटकं बायका वर्षभर डब्यात साठवतात आणि बाटिकला वापरतात. म्हणून मेण एवढं थोडं मागवतात! नुसत्या मेणबत्तीच्या मेणाला भेगा पडतात, म्हणून त्यात मधमाशांचं मेण मिसळायचं, हे मीच शिकवलेलं. वंदनेचं मेण कापडावर चढवताना त्या बायका चपला बाहेर काढतात. इतकी वर्षं मी मेण फक्त विकत आले. मी चपला काढून आत बसले.

तिने निळीत बुडवलेली ओढणी वर काढली. हिरवीगार होती, आणि बघता बघता हवेने निळी होत गेली. फक्त घड्यांच्या आत, जिथे हवा पोचली नव्हती, तिथे ती अजून हिरवी होती. मी हे हजारदा पाहिलंय, तरी प्रत्येक वेळी नवल वाटतं.

रात्री तांदळाची भाकरी, वांग्याचं भरीत आणि सुकटीची चटणी झाली. आमच्याकडे पुण्यात भरीत म्हणजे दही घालून गारेगार, इथलं नुसतं ठेचलेलं, तिखटाने डोळ्यांतून पाणी काढणारं. त्यावर गुळाचा चहा. मी दोन कप प्यायले. पिताना विचारलं, रंजना, हायड्रोस एवढं लागतं कशाला गं? ती म्हणाली, दादाला लागतं की. उद्या जातोय न्हवं आपण भोंगवलीला, तवा बघालच. तिला वाटलं मला माहीत आहे. मला वाटलं दादाची शेड आहे. दोघी समाधानाने झोपलो.

भोंगवली

भोरच्या या बाजूला आलं की मुलूखच बदलतो. डोंगर मागे सरतात, ऊस पुढे येतो. भोंगवलीच्या अलीकडे रस्त्याकडेलाच गुऱ्हाळ होतं. चिपाडांचे ढीग, घाण्याची घरघर, चुलाणातला जाळ आणि काहिलीतून, म्हणजे रस आटवायच्या भल्यामोठ्या कढईतून, वर येणारी गोड वाफ. शेड दिसेना, पिंपं दिसेनात, निळी चादर तर औषधालाही नाही. मी विचारणार होते, पण तेवढ्यात रंजनाचा भाऊ विश्वास आला. उंच, शांत माणूस. गुऱ्हाळाचा गुळव्या तोच, म्हणजे काहिलीवर नजर ठेवून गूळ कधी झाला ते तोच सांगणार. त्याने हात जोडले आणि म्हणाला की तुमच्या लेकीच्या लाडवांसाठी म्हणून आजची एक काहील मुद्दाम ठेवली आहे, तुमच्या समोर काढतो.

मला खाटेवर बसवलं. आधीच्या काहिलीचा गरम गूळ उसाच्या कांड्यावर घेऊन हातात दिला. तो चाटत मी काहिलीकडे बघत होते. भेंडीचं पाणी घालून वर आलेली मळी त्याने लांब झाऱ्याने काढली. रस दाट होत गेला, त्याला बुडबुडे यायला लागले. मी मनातल्या मनात विहीणबाईंना हे सगळं दाखवत होते.

आणि मग मला माझ्या दुकानाचा वास आला.

गोड वाफेच्या आतून जळक्या आगकाडीचा वास. मला आधी वाटलं, पिशवीतला डबा फुटला. पिशवी बंद होती. वर पाहिलं तर विश्वास खांबापाशी उभा होता. त्याने खुंटीवरचे काळे रबरी हातमोजे काढून चढवले. उपरणं नाकातोंडावर घट्ट बांधलं. मग झाकण आधीच सैल केलेला डबा कोनाड्यातून काढला. डब्यावर माझ्या दुकानाचं लेबल होतं.

मी उठले. कशी उठले आठवत नाही. कांडं हातात तसंच होतं आणि गुळाचा घास तोंडात.

विश्वासभाऊ, हे कशाला, असं मी विचारलं असावं. तो फडक्याआडून म्हणाला, पावडर हाय, तुमचीच की, गुळाला रंग येतो. अगदी सहज. मीठ टाकतोय असं सांगावं तसं.

"आणि हातमोजे?"

त्याने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. प्रश्न विचारून मी त्याची परीक्षा घेते आहे असं त्याला वाटलं.

"तुमच्या कागदावर लिवलंय न्हवं. हाताला लागू द्यायची न्हाई. म्या पयला बिगर मोज्याचा टाकायचो, हाताची लई आग व्हायची, कातडं निघायचं. मंग रंजीनं कागद वाचून दावला. तवापासनं कवा बी टाकायचं झालं की मोजं आन् फडकं. हितं समद्यांना तसंच शिकवलंय."

मी या भागात शिस्त आणली होती. माणसं माझं ऐकत होती. माझ्या फर्मानातलं एकूण एक कलम भोंगवलीच्या गुऱ्हाळात पाळलं जात होतं, डबा कोरड्या कोनाड्यात, मुलं लांब, हातात मोजे, नाकाला फडकं, आणि पूड काहिलीत.

त्याने मूठ भरली आणि थांबला. मला खूश करावं म्हणून पुढे म्हणाला,

"तुमच्या भेलीत आमी एक मूठ जास्तच टाकतो, ताई. मागं तुमी म्हनला व्हता, काळपट आला."

तोंडातला घास गिळावा की थुंकावा हे मला कळेना. मी त्याचं मनगट धरलं. रबरावरून हात घसरला, पुन्हा धरलं. टाकू नका, म्हणाले. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला असावा, कारण चुलाणात चिपाडं सारणारा माणूसही थांबला. विश्वास गोंधळला. आता नाही टाकली तर वेळ जाईल, गूळ लाल पडेल, हे तो मला परोपरीने समजावत होता. मी सांगत होते की ही कापडाची पूड आहे, रंग उडवायची, हिचा पोटाशी काही संबंध नाही. आम्ही दोघंही एकच गोष्ट बोलत होतो आणि एकमेकांना ऐकू येत नव्हतं.

शेवटी त्याने मूठ परत डब्यात सोडली. फडकं खाली ओढलं. चिडला नव्हता, पण आता त्याचा चेहरा पाहुण्याशी बोलण्याचा राहिला नव्हता.

"समदीच टाकत्यात, ताई. न्हाई टाकली तर बाजारात त्या गुळाला कुनी हात लावत न्हाई. व्यापारी लांबनंच बघून पुढं जातो. काळ्या गुळाला कोन इचारतं? तुमीबी न्हाई इचारलंत."

विहिणीपुढे तोरा मिरवायला मला पिवळाच गूळ हवा होता.

रंजना इतका वेळ खांबाला टेकून उभी होती. तिने हळूच विचारलं की उकळत्या रसात टाकल्यावर ते जळून जात नाही का. मी म्हटलं, काही जातं, काही राहतं, किती राहतं ते मला माहीत नाही. खरोखरच माहीत नाही. इतकी वर्षं ही पूड विकते, कुणी खाल्ली तर काय होतं हे जाणून घ्यायची वेळ येईल असं स्वप्नातही आलं नव्हतं. भिंतीवर चुना लावतो म्हणून कुणी चुन्याने भात कालवेल का, तसंच मला वाटायचं.

ती काहील त्याने पुडीवाचून काढली. थंड करायच्या पसरट लाकडी वाफ्यात ओतली, घोटली, भेल्या वळल्या. गर्द तांबूस, जवळजवळ काळसर, अंगाला जराशा चिकट. विश्वास त्यांच्याकडे नापास झालेल्या पोराच्या प्रगतिपुस्तकाकडे बापाने बघावं तसा बघत होता. तरी त्याने चांगलं केळीचं पान आणलं आणि माझ्यासाठीची भेली नीट गुंडाळून दिली. जेवल्याशिवाय मात्र सोडलं नाही. पिठलं होतं, ज्वारीची भाकरी होती. शेवटी त्याच्या बायकोने वाटीत गूळ-तूप वाढलं. गूळ पिवळा होता. तिने वाटी ठेवली, मग तिच्या लक्षात आलं, आणि तिने ती कुणाकडे न बघता उचलून नेली.

परत कापूरहोळ

टेम्पोत रंजना मधे बसली होती, मी खिडकीशी. भोंगवलीपासून हायवेपर्यंत मी एकटीच बोलत होते. तुला आता निळीपुरतंच हायड्रोस देईन म्हणाले. जुने रंगारी नीळ गूळ आणि चुना घालून आंबवायचे, त्याला हायड्रोस लागतच नाही, हेही सांगितलं. विश्वासभाऊंचा काळा गूळ मी दुकानात ठेवीन, रंगवाले घेतील, खाणारेही घेतील, असंही सांगून टाकलं. मला गप्प बसणं जमतच नव्हतं.

कापूरहोळला एसटीची वाट बघत उभ्या होतो. गॅरेजवाले काका लांबूनच हात करत होते. तेव्हा ती म्हणाली,

"माज्या पोरांनी ल्हानपनापासनं दादाच्याच हितला गूळ खाल्लाय. आन् रंगाच्या खोलीत म्या त्यास्नी कदी पाऊल ठिवू दिलं न्हाई."

रडली नाही. पदराने तोंड पुसलं आणि माझी पिशवी उचलून एसटीत ठेवली. मी जागेवर बसल्यावर खिडकीतून बाहेर पाहिलं तर ती अजून तिथेच होती, हात खाली सोडून. गाडी वळेपर्यंत हलली नाही.

पुणे

घरी आल्या आल्या दिवाळीची भेली डब्यातून काढली. वरून तीही त्या वर्षीच्या भेलीसारखी काळवंडायला लागली होती. सुरी घातली, दोन तुकडे केले. बाहेरची साल तपकिरी, आत पिवळीधमक. जिथे हवा पोचली तिथे रंग परत आला होता, जिथे पोचली नाही तिथे तो अजून गेलेलाच होता. निळीच्या ओढणीच्या घड्या, डिट्टो. उभा जन्म या पुडीत गेला, हे दृश्य रोज डोळ्यांसमोर, आणि डब्यातला गूळ तेच करत होता तर मी फोन उचलून म्हणाले, काळपट आला गं. काळपट आला होता तो पुडीमुळेच. आणि त्यावर त्यांनी उपाय केला तो आणखी एक मूठ पुडीचा.

मृणालचे लाडू भोंगवलीच्या काळ्या गुळाचे झाले. विहीणबाईंनी ताटाकडे बघून विचारलं, पाक करपला का हो? मी म्हटलं, हो, करपला. खरं सांगायला बसले असते तर त्या दिवशी कुणी जेवलं नसतं.

दुकानात एक बदल केला. हायड्रोस मागणाऱ्या प्रत्येकाला मी आता विचारते, कशासाठी हवंय. इतकी वर्षं हा प्रश्न कधी विचारला नव्हता. पहिले एकदोन जण कापड रंगवणारे निघाले आणि मला हायसं वाटलं. मग एक जण म्हणाला, गुळाला. मग दुसरा. तिसऱ्याने तर माझ्याकडे वेडी आहे की काय अशा नजरेने पाहिलं. मी नाही म्हटलं की ते वाद घालत नाहीत, पुढच्या दुकानात जातात. माझ्या दुकानातला हा डबा इतका का खपतो याचं उत्तर मला असं एकेक करून मिळत होतं.

मग एके सकाळी विश्वास आला. डोक्यावर पोतं, पोत्यात काळ्या भेल्या. पुडीवाचून दोन काहिली काढून पाहिल्या होत्या. बाजारात माल पडून राहिला, व्यापाऱ्याने हसून परत पाठवला. ताई म्हनल्या व्हत्या ठिवते, म्हनून आनल्या, एवढंच बोलला. आरोप नाही, विनंती नाही. बाकीच्या काहिलींत पूड घालता का, हे मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. मी भेल्या काउंटरवर मांडून घेतल्या, निळीच्या डब्यांशेजारी. तो बाकावर बसला. मी चहा मागवला.

चहा येईपर्यंत एक गिऱ्हाईक आलं. पांढरा शर्ट, हातात मोबाईल, दाराबाहेर गाडी. हायड्रोसचा मोठा डबा हवा होता. मी विचारलं कशाला, तर म्हणाला, गुऱ्हाळाला. मी नेहमीचं सांगायला तोंड उघडलं. पण माझ्या आधी विश्वास बाकावरून बोलला. त्या माणसाकडे न बघता, भेल्यांकडे बघत.

"टाकताना हातमोजं घालता का?"

"घालतो की," तो माणूस म्हणाला. "घालावंच लागतंय."

"का?" विश्वासने विचारलं.

तो माणूस उत्तर द्यायला गेला आणि थांबला.